पोटखराबा

नकला उतरून द्यायच्या टेबलावर बसले
त्या वर्षी पहिल्यांदा कळलं,
आमच्या टेकाडांना कागदावर नावच नाही.
गट नंबर दोनशे एकोणचाळीस.
लागवडीस अयोग्य. आकार निरंक.
पोटखराबा.

येसू गडदे उताऱ्यासाठी आले होते.
त्यांना वाचून दाखवला शब्द.
घोंगडीच्या टोकानं डोळा पुसत हसले,
"साडेतीनशे खिलारं चरली की हितं.
कुणाचं पोट खराब झालं म्हनं?"

मग बोटं मोडत त्यांनी नावं सांगितली,
सांगोल्याकडून येताना आधी थोरली कोशी,
तिच्या कुशीला काजळी,
ओढा ओलांडला की पाडी,
आणि सगळ्यात मागं, एका बाजूनं ढासळलेली
मोडशिंगी.
लांबून बघितलं तर खरंच
रवंथ करत बसलेल्या गाई.

पवन्या संपला, कुसळं उरली,
मग कुसळंही वाऱ्यानं नेली,
त्या साली कळप नदीकडं निघाला.
जी गाय जिथं बसली आणि उठली नाही
ते टेकाड तिच्या नावाचं.
एवढाच इतिहास. तो सांगायला
त्यांना दोन बिड्या लागल्या.

कागदाला बाकीचं सगळं माहीत आहे.
साखळी घेऊन आलेला मोजणीदार,
चुना फासलेले हद्दीचे दगड,
बहात्तर साली फोडलेली खडी, किती ब्रास,
किती हातांना किती सुकडी.
नंतर वनखात्याचे चर, गिरिपुष्पाची रोपं,
आणि काटेरी तार,
जिच्यात अजून लोकरीचे पुंजके अडकतात.
आता पवनचक्क्या.
पाडीच्या पाठीवर एक, कोशीच्या वशिंडावर दोन.
रात्री तांबडे दिवे लागतात तिथं,
टिटव्या उगाच ओरडत राहतात.

पावसाळ्याआधी दप्तर झाडायला काढलं
तेव्हा कोंडवाड्याची वही सापडली.
साल वाळवीनं खाल्लेलं. शाई विटकरी.
बैल एक. शेळ्या तीन. म्हैस एक, सोडवली.
आणि मग मोडीतून नीट लावून वाचली ती ओळ :
गाय एक, रंग कोसा, डावं शिंग मोडकं,
मालक संतू वलद बिरा गडदे,
राखीव रानात चरताना धरली,
दंड आठ आणे.
मालक आला नाही. लिलाव.
सव्वातीन रुपये.

म्हणजे ती बसलीच नव्हती टेकाडावर.
चालत गेली होती,
कुणा परक्याच्या दाव्याला.

चार दिवस मी ती वही
कपाटात तशीच उलटी ठेवली.
शेजारचे अवताडे म्हणाले, तेलसंगबाई,
सांगून काय मिळणार त्या म्हाताऱ्याला?
एक टेकाड तेवढं कमी होईल.

बाजारच्या दिवशी येसू आले.
चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचलं,
हळू, दंडापाशी जरा थांबत.
त्यांनी वहीवर तळहात ठेवला,
जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा,
आधी सपाट, मग बोटं पसरून.

"ठावं हाय," म्हणाले.
"आज्याकडं आठ आनं न्हवतं.
कोंडवाड्याच्या भिताडाआड हुबा ऱ्हायला दिसभर.
आत ती हंबरायची. ह्यो गप.
घरी येऊन सांगितलं, गाय माळावर बसली.
कुठं बसली, म्हनून इचारलं पोरांनी
तर हात केला त्यानं,
दिसंल त्या टेकाडाकडं."

बाहेर जुनोनीची एसटी लागली होती.
त्यांनी उताऱ्याचे पैसे मोजून दिले,
दोनदा मोजले.
दारातून वळून विचारलं,
त्या वहीत शिंग कंचं लिवलंय म्हनालीस?

डावं.

"बराबर," म्हणाले.
टेकाडाचीही डावीच बाजू ढासळलीय.
आमच्या गावाकडून बघितलं तर.